साखरझोपेचे वय

सकाळी सव्वासातचा तास. बाहेर डिसेंबरचा गारठा, आत बारावीचा वर्ग. पारनेर, राहुरीकडच्या खेड्यांतून पहिल्या एसटीने आलेली मुले बाकांवर बसलेली असतात. जागी झालेली असतातच असे नाही. पेंगणाऱ्याला उभे करून ‘ऐदी’ ठरवण्याचा अधिकार आम्ही शिक्षकांनी गृहीतच धरलेला आहे. मीही तो अनेक वर्षे बजावला. आता त्याची लाज वाटते.

झोपेतून उठल्यानंतरच्या या जडपणाला शास्त्रज्ञ निद्रेचे जडत्व म्हणतात. डोळे उघडले तरी विचार व निर्णय करणारा मेंदूचा पुढचा भाग मागाहून जागा होतो. एरवी हे पंधरा मिनिटे ते अर्धा तास चालते. झोप अपुरी असली, किंवा गाढ झोपेतून उठवले, तर अधिक लांबते. आणि याला वय असते. वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिराचे असते, मग हळूहळू मागे येते. सतरा वर्षांच्या मुलाचे पहाटे पाचला उठणे आणि सत्तरीच्या आजोबांचे उठणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. माझे वडील साडेचारला उठतात व लगेच बोलू लागतात. त्यांना तो स्वतःच्या शिस्तीचा पुरावा वाटतो. वस्तुतः उतारवयात गाढ झोपच कमी होत जाते. पंचेचाळिशीत मलाही पूर्वीपेक्षा सहज जाग येते, आणि मी ते बरीच वर्षे चारित्र्याच्या खात्यावर जमा करीत होतो!

गोम इथेच आहे. शाळा-महाविद्यालयांची वेळापत्रके आखणारी माणसे बहुधा लवकर जाग येण्याच्या वयाची असतात. ती आपले वय सद्गुण समजतात.

या समजाला आपली परंपराही साक्षीला बोलावता येते. आमच्याच जिल्ह्यातील नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या चौदाव्या अध्यायातील तमोगुणाच्या विवेचनात निद्रा आणि आळस आहेतच. पण तो साधकाच्या अंतरंगाचा विचार आहे, हजेरीपटाचा नव्हे. शिवाय याच जिल्ह्यात शिर्डीला पहाटे काकडआरती होते. देवाला उठवायचे तर गाऊन, हळुवारपणे. त्याला आळशी कोणी म्हणत नाही. मराठीने पहाटेच्या झोपेला ‘साखरझोप’ असा गोड शब्द दिला, तोही बहुधा अशाच कोणा समजूतदार माणसाने.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा शासननिर्णय निघाला. लहानग्यांची झोप वाचावी, याला माझा विरोध नाही. परंतु ज्या वयात घड्याळ खरोखरच मागे-पुढे होते, ते वय चौथीनंतर सुरू होते! अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये साडेआठच्या आत शाळा भरवू नये अशी शिफारस केली, ती नेमकी किशोरांसाठी. आपण धाकट्याला निजू दिले आणि थोरल्याला पहाटेच्या एसटीत बसवले.

यावर एक आक्षेप खरा आहे. सकाळचे महाविद्यालय सुटले की मुले दुपारी दुकानात किंवा शेतात कामाला जातात. तास उशिरा नेला तर कुणाचा रोजगार बुडेल. एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, तिथे वर्गखोल्यांचाही प्रश्न असतो. हे मी नाकारीत नाही. पण मग निदान पहिल्या तासाला व्याकरण ठेवू नये, आणि अडखळणाऱ्या उत्तराला गुण कापू नयेत. कविता मोठ्याने वाचावी, एवढे तर आपल्या हाती आहे. माझ्या वर्गात वर्षभर मुकी बसणारी एक मुलगी दहाच्या सुमारास ग्रंथालयात भेटली, तेव्हा सकाळच्याच कवितेवर तिने मला असा प्रश्न विचारला, की उत्तरासाठी मला घरी जाऊन पुस्तक काढावे लागले.

यंदा मी माझा तास साडेनऊला मागितला आहे. वेळापत्रक समितीची बैठक व्हायची आहे. ती सकाळी सातला ठेवली आहे.