आमचा परदेश दुबईलाच का संपतो?

आपल्या समाजात 'मुलगा बाहेर आहे' असे कोणी म्हणाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : दुबई, सौदी की कतार? लंडन की बर्लिन, असे कोणी विचारत नाही. बाहेर जायचे ते ड्रायव्हरकीला, एसी दुरुस्तीला, फार तर दुकानात हिशेब लिहायला. शिकायलाही बाहेर जाता येते, हे आपल्या कानांना अजून खरे वाटत नाही. आखातात घाम गाळून ज्यांनी बहिणींची लग्ने लावली, घरावर स्लॅब टाकला, त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. आमची तक्रार वेगळी आहे. ज्या घरातून एजंटाला आणि विमानाच्या तिकिटाला पैसे निघतात, त्याच घरात विद्यापीठाच्या अर्जाची गोष्ट का निघत नाही?

आम्ही गोंदिया जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. राईस मिल, तेंदूपत्ता आणि बिडी यांवर जगणारा हा जिल्हा 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. मुंबई-हावडा लोहमार्ग आमच्या दारातून जातो, पण त्या गाडीत बसून आमची मुले बहुधा मजुरीलाच जातात. आमच्या वर्गात बिडी वळणाऱ्या बाईचा मुलगा असतो, गॅरेजवाल्याची मुलगी असते. त्यांच्यात अक्कल कमी नाही. दहावीचा निकाल लागला की जलसा होतो. शाल, ट्रॉफी, हार, फोटो. स्टेजवरून इल्मसाठी चीनपर्यंत जाण्याचा दाखला दिला जातो. हदीसचे जाणकार तो दाखला कमजोर मानतात, ही गोष्ट निराळी. पण चीनपर्यंत जा म्हणणाऱ्या साहेबांना नंतर विचारावे, जायचे कसे? अर्ज कुठे करायचा? साहेब तोवर जेवायला गेलेले असतात.

हरकती मात्र सगळ्यांच्या तोंडी तयार असतात. पहिली हरकत दीनची. पोरगा तिकडे गेला की बिघडतो म्हणे. मग मदरशातून आलिम झालेला मुलगा मदिना विद्यापीठात किंवा कैरोच्या अल-अझहरला गेला तर मोहल्ल्यात मिठाई का वाटता? तोही परदेशच आहे. तिथे त्याला कोणी बिघडवत नाही आणि लंडनमध्येच बिघडवतात काय? पूर्व लंडनमध्ये व्हाइटचॅपलला मोठी मशीद आहे, हलाल गोश्ताची दुकाने आहेत, अनेक विद्यापीठांत नमाजासाठी खोली असते. उलट आपल्याच राज्यातल्या मोठ्या शहरात नाव ऐकताच खोली नाकारली गेल्याचे आमचे माजी विद्यार्थी सांगतात. परकेपणा सोसायला विमानात बसावे लागत नाही.

दुसरी हरकत मुलींची. त्यावर आम्ही एकच नाव पुढे ठेवतो : अतिया फैजी. मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातली ही मुलगी. जंजिऱ्याच्या बेगम नाझली या त्यांच्या भगिनी. 1906 साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून त्या लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाल्या. कशासाठी? शिक्षिका होण्यासाठी. म्हणजे ज्याला आज आपण बी.एड. म्हणतो त्याच वाटेने एक मुस्लिम तरुणी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सुमारास सातासमुद्रापार गेली. तिथल्या दिवसांची रोजनिशी त्या घरी पाठवत राहिल्या आणि ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या पत्रात छापून आली. पुढे 'जमाना-ए-तहसील' नावाने तिचे पुस्तकही झाले. अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच 1907 मध्ये त्या परतल्या, हेही सांगितले पाहिजे. पण परदेशात शिकणाऱ्या मुलीचे दिवस कसे असतात, हे पडद्यातल्या हजारो बायकांपर्यंत पोहोचले ते त्यांच्यामुळे. आणि कोणत्या भाषेत? उर्दूत! 'उर्दू माध्यमवाल्यांनी कुठे जावे' असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

त्या श्रीमंत होत्या, असे कोणी म्हणेल. होत्या. म्हणूनच आम्ही दुसरा दाखला देतो. 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ते श्रीमंत नव्हते. आंबेडकरी समाज त्यांची तसबीर भिंतीवर लावून थांबला नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अनुसूचित जातीची मुले आज परदेशी विद्यापीठांत शिकतात आणि त्या जागांसाठी, वेळेवर पैसे मिळण्यासाठी हा समाज सरकारशी भांडतो. आपण कशासाठी भांडतो? केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरत होती. 2022-23 पासून ती बंद झाली. आपल्या किती मोहल्ल्यांना ती बंद झाल्याचे कळले? किती जणांना ती सुरू होती हे तरी ठाऊक होते?

आता खरी अडचण सांगतो. ती दीनमध्ये नाही, उर्दूत नाही आणि पूर्णपणे पैशातही नाही. ती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे. पहिलीत नाव घालताना मुलाचे नाव 'शेख आसिफ शेख रहीम' लिहिले जाते. आधार कार्डावर तो 'आसिफ शेख', गुणपत्रिकेवर 'मो. आसिफ'. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा, नावाचा वेगळा. कोणता 'शेख' कुठे लिहायचा? एका अक्षराच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा पुन्हा नागपूरच्या फेऱ्या. तोवर अर्जाची मुदत संपते.

जातीच्या रकान्यात याहून मोठे नुकसान आहे. तिथे सरळ 'मुसलमान' लिहून मोकळे होतात. मूल पिंजाऱ्याचे, तांबोळ्याचे किंवा मणियाराचे असते. हे समाज महाराष्ट्रात ओबीसी आहेत. दाखले मिळावेत म्हणून शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने वर्षानुवर्षे रान उठवले. राज्य सरकारने 2018 साली ओबीसी विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. पण ओबीसीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या दाखल्यावर जातच नाही, मग नातीने काय दाखवायचे? 'इस्लाममध्ये जात नाही' असे म्हणणारे बुजुर्ग या मुलीची फी भरतील काय? अल्लाहपुढे सगळे सारखे, हे आम्हीही मानतो. तहसील कचेरीत मात्र कागद लागतो.

पैशाचेही बोलू. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकण्याची फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. हे 2024 पासूनचे आकडे. म्हणजे दहा लाखांवर रक्कम. बिडीवालीचा मुलगा ती कुठून आणणार? बँकेचे कर्ज म्हणजे व्याज, आणि व्याजाला आपली माणसे घाबरतात. मग कर्ज-ए-हसना कशासाठी आहे? मशिदीच्या दुसऱ्या मजल्याला, शादीखान्याच्या कमानीला चंदा जमतो. जिल्ह्यातून दरवर्षी एका मुलाला किंवा मुलीला बिनव्याजी कर्ज द्यावे, कमावू लागल्यावर त्याने ते फेडावे, त्या पैशातून पुढचा जावा. 1892 साली जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती सुरू केली ती याच हिशेबाने. पारशी समाज आपल्यापेक्षा कितीतरी लहान!

मुले गेली की परत येत नाहीत, अशीही एक ओरड आहे. बद्रुद्दीन तय्यबजी 1860 साली पोरवयात इंग्लंडला गेले, 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईत परतले आणि 1874 साली अंजुमन-ए-इस्लाम उभी करण्यात पुढे राहिले. त्या संस्थेच्या शाळा आजही भरतात. सगळेच तय्यबजी होणार नाहीत. पण कोणी गेलाच नाही तर परतणार कोण?

परदेशी शहर म्हणजे जन्नत आहे असे आम्ही सांगत नाही. एका खोलीत दोघे-तिघे, स्वयंपाक स्वतःचा, ब्रिटनमध्ये शिकण्याच्या दिवसांत काम आठवड्याला 20 तासांपर्यंतच. पाठ करून उतरवलेले उत्तर तिथे चोरी ठरते, स्वतःचे मत मांडावे लागते. घोकंपट्टीवर वाढलेला मुलगा पहिल्या सहा महिन्यांत रडकुंडीला येतो. एजंटांपासूनही सावध राहावे. स्वस्तात डॉक्टर करतो म्हणून मुलांना मध्य आशियात पाठवणारे, मे 2024 मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला तेव्हा कुठे होते? तिथली पदवी इथे चालण्यासाठी किमान 54 महिन्यांचे शिक्षण, इंग्रजी माध्यम आणि इंटर्नशिप अशा अटी 2021 पासून आहेत. हे पालकाला सही करण्याआधी सांगणारा मोहल्ल्यात कोणी तरी हवा.

म्हणून अंजुमनांच्या, जमातींच्या आणि शाळा चालवणाऱ्या कारभाऱ्यांना आमचे सांगणे आहे. पहिलीत प्रवेश देतानाच नाव आणि जात नीट लिहून घ्या. आठवीपर्यंत ओबीसीचा दाखला हातात येऊ द्या. आठवीपासून रोज एक तास इंग्रजी बोलायला लावा, कारण दहावीपर्यंत उर्दूत शिकलेले मूल अकरावी सायन्सला इंग्रजी पुस्तक उघडते आणि तिथेच गळते. शिष्यवृत्त्यांच्या तारखा जुम्याच्या दिवशी मशिदीच्या फलकावर लावा, चंद्राच्या तारखेशेजारी जागा असते. आणि पुढच्या निकालाच्या जलशात ट्रॉफी वाटू नका. तेवढ्याच हजार-दीड हजारात पासपोर्टची फी भरता येते, ती भरा.