सुरईचे काय झाले?

मा. संपादक,


गेल्या रविवारच्या पुरवणीत चार्ल्स ब्राव्होच्या खुनावरचा लेख वाचला. लेख चटकदार आहे. पण दीडशे वर्षांत कुणाला न सुटलेले प्रकरण लेखकाने शेवटच्या परिच्छेदात सोडवून टाकले आणि फ्लोरेन्स ब्राव्होच्या चित्राखाली 'नवऱ्याला विष देणारी' अशी ओळही छापून आली. माझी सगळी नोकरी व्हिसेऱ्याच्या बरण्या तपासण्यात गेली. हेतू होता म्हणजे तिनेच केले, असे कुणी म्हटले की मी आधी विचारतो, मुद्देमाल कुठे आहे?

या प्रकरणात नेमकी तिथेच बोंब आहे. 18 एप्रिल 1876, मंगळवार. दक्षिण लंडनमधल्या बाल्हम भागातला 'द प्रायरी' हा बंगला. तीस वर्षांचा बॅरिस्टर चार्ल्स जेवताना बर्गंडी प्यायला. बायको आणि तिची सोबतीण मिसेस कॉक्स यांनी शेरी घेतली. साडेआठच्या सुमारास जेवणे आटोपली. पावणेदहाच्या आसपास चार्ल्स आपल्या खोलीचे दार उघडून फ्लोरेन्सला हाका मारू लागला, गरम पाणी मागू लागला. खिडकीबाहेर ओकला, कोसळला. शुक्रवारी पहाटे गेला. खिडकीखालच्या छपरावर पडलेली उलटी नंतर गोळा केली गेली, म्हणून प्रोफेसर रेडवूड यांना तीत अँटिमनी सापडले. विष होते टार्टार इमेटिक. ते घोड्यांच्या औषधात वापरत, माणसाला ओकारी काढायलाही देत. पाण्यात विरघळते, रंग येत नाही.

लेखक म्हणतात, विष बर्गंडीत होते. हे पटत नाही. एवढा मोठा डोस (वीस ते चाळीस ग्रेनचा अंदाज होता, म्हणजे सव्वा ते अडीच ग्रॅम) पोटात गेल्यावर माणूस तासभर स्वस्थ बसणार नाही. जेवण उठल्यापासून पहिल्या हाकेपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. मग राहते ती उशाजवळची पाण्याची सुरई. झोपण्यापूर्वी तिच्यातले पाणी पिण्याची चार्ल्सला सवय होती. त्या रात्रीचे ते पाणी कुणीही तपासले नाही. घरातल्या औषधांच्या बाटल्या तपासल्या, त्यांत काही निघाले नाही. सुरईत काय होते, ती कुणी भरली, कुणी रिकामी केली, हे कळले असते तर पुढचे शंभर ग्रंथ कुणाला लिहावे लागले नसते. आमच्याकडे असा कागद आला असता, तर वर पहिली ओळ पडली असती: 'संबंधित भांडे प्राप्त नाही.'

दुसरा प्रश्न खुद्द मेलेल्या माणसाचा. चार्ल्स दोन दिवसांहून अधिक काळ जिवंत होता आणि त्यातला बराच वेळ शुद्धीवर होता. सर विल्यम गल यांनी त्याला तोंडावर सांगितले की तुझ्या पोटात विष गेले आहे. (हे तेच गल, ज्यांना पुढच्या लेखकांनी जॅक द रिपरही करून टाकले, लेखकांच्या तावडीत सापडल्यावर डॉक्टरचेही खरे नाही.) यावर चार्ल्सने काय सांगावे? दाढ दुखत होती म्हणून हिरड्यांना लॉडॅनम चोळले, एवढेच. पेशाने वकील, पण विष दिले कुणी, हे त्याने विचारल्याची नोंद नाही. उलट त्याच अवस्थेत मृत्युपत्र करून सगळे फ्लोरेन्सच्या नावे केले. गल यांना यावरून आत्महत्या वाटली. ते मलाही पटत नाही; मरायचे ठरवलेला माणूस गरम पाण्यासाठी घर डोक्यावर घेत नाही. पण बायकोला खुनी ठरवणाऱ्याने या मृत्युपत्राचा अर्थ तरी लावायला हवा होता. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

मिसेस कॉक्सबद्दल लेखक दोनच ओळी लिहितात, याचे मला नवल वाटते. चार्ल्सने आपल्याजवळ विष घेतल्याची कबुली दिली, असे सांगणारी ती एकटी. तेही तिने लगेच सांगितले नाही. डॉ. हॅरिसन धावत आले, तेव्हा त्यांच्यापुढे क्लोरोफॉर्मचे नाव. बाकीचे मागाहून. जुलैच्या चौकशीत तर त्याच कबुलीला नवी पुस्ती: विष डॉ. गलींमुळे (सर विल्यम गल नव्हेत, लग्नाआधी फ्लोरेन्सशी संबंध असलेले डॉ. गली) घेतले. जबाब तीन महिन्यांत असा वाढत गेला तर कुठलाही फौजदार कान टवकारतो. शिवाय चार्ल्सला खर्च कमी करायचा होता आणि कॉक्सबाईंची नोकरी त्यात जाणार होती. तबेल्यात टार्टार इमेटिक आणणारा गाडीवान ग्रिफिथ्स. त्यालाही चार्ल्सनेच काढून टाकलेले. उरलेले औषध ओतून दिले, असे तो म्हणाला. तेवढ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

आणि या सगळ्याची चौकशी व्हायची तिथे झाले काय? पहिली चौकशी कॉरोनर कार्टर यांनी बंगल्यातच उरकली. ज्यूरीच्या खाण्यापिण्याची सोय बंगल्यातर्फे होती. गल यांना साक्षीला बोलावले नाही, फ्लोरेन्सलाही नाही. मुंबईतही एके काळी कॉरोनर असे. पण ज्या घरात माणूस मेला तिथलाच पाहुणचार घेऊन निकाल देण्याची सोय आपल्याकडे नसावी. ती चौकशी रद्द होऊन दुसरी बेडफर्ड हॉटेलात भरली, ती तेवीस दिवस चालली. त्यातला केवढा तरी वेळ कशात गेला? डॉ. गलींशी फ्लोरेन्सचे लग्नाआधीचे संबंध कसे होते आणि जर्मनीच्या सहलीत काय घडले, यात. चार्ल्सच्या सावत्र वडिलांचे वकील जॉर्ज लुईस यांनी तिला त्यावरून असे पिळले की तिला कॉरोनरकडे संरक्षण मागावे लागले. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले, तेवढ्यात दोनदा गर्भपात, पहिल्या नवऱ्याचे चाळीस हजार पौंड हाताशी. या बाईकडे हेतू होता, हे मी नाकारत नाही. पण तिच्या अब्रूवर खर्च झालेल्या वेळातला एक दिवस सुरईसाठी काढला असता तर?

11 ऑगस्टला ज्यूरीने सांगितले की हा खून आहे, पण दोषी कोण हे ठरवण्याइतका पुरावा नाही. कुणावरही खटला भरला गेला नाही. फ्लोरेन्स दोन वर्षांनी, 1878 मध्ये, साउथसीला दारूपायी मेली. तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती.

तेव्हा चित्राखालची ती ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करावी, ही विनंती. 'चार्ल्स ब्राव्होची पत्नी' एवढे पुरे आहे.

आपला,
एक निवृत्त रासायनिक विश्लेषक
डोंबिवली (पूर्व)