मऊ अंजीर म्हणजे खराब अंजीर नव्हे!

अंजिरं बाजारात आली की एक संवाद ठरलेला असतो. "अहो, ही मऊ लागतायत. जरा कडक बघून द्या ना!" गिऱ्हाईक एकेक अंजीर दाबून बघणार, मऊ लागलं की बाजूला टाकणार, कडक तेवढी वेचून घरी नेणार. आणि खाताना कुरकुरणार, "हल्लीच्या अंजिरांना चवच राहिली नाही बुवा." राहील कुठून? चव असलेली तर तुम्हीच पाटीत ठेवून आलात!

तर मंडळी, आजचा मुद्दा सरळ आहे. मऊ अंजिरं घ्या, त्याच संध्याकाळी तुपावर भाजा आणि गरम गरम खा. जेवणानंतरचं गोड म्हणून इतकं सोपं आणि इतकं चांगलं दुसरं काही माझ्या माहितीत नाही. आणि यात साखर घालाल तर माझ्याशी गाठ आहे :)

आधी कडक-मऊ प्रकरण मिटवू. आंबा, केळं, चिकू ही फळं काढल्यावर घरी पिकतात, म्हणून तर आपण आढी लावतो. तोच नियम डोळे मिटून अंजिराला लावला की फसगत होते. कच्चं काढलेलं अंजीर नंतर थोडं मऊ पडेल, पण गोडी भरते ती झाडावरच. म्हणजे चांगलं अंजीर झाडावरून उतरतं तेच मऊ असतं, आणि साध्या हवेत एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही. हा त्याचा स्वभाव आहे. आमच्या धंद्याच्या भाषेत, हा बग नाही, फीचर आहे.

पुण्याजवळच्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमान सगळ्यांनाच आहे. पण सासवडच्या रस्त्यावर पाटी घेऊन बसलेल्या मावशींकडे आपण मागतो काय? कडक माल! मग शेतकऱ्याने करावं तरी काय? फळ पुरतं पिकू दिलं तर आपण दाबून नाकारणार आणि संध्याकाळी ते पडेल भावात द्यावं लागणार. त्यापेक्षा तो लवकर तोडतो. आपण ते फिकं फळ घेतो, फिकं लागलं म्हणून वर मध नाहीतर साखर ओततो आणि नावं ठेवतो शेतकऱ्याला. रिक्वायरमेंट चुकीची द्यायची आणि शिव्या डेव्हलपरला घालायच्या, हा प्रकार माझ्या चांगलाच ओळखीचा आहे.

भाजण्याने हा तिढा बऱ्यापैकी सुटतो. संध्याकाळी तव्यावरच जायचं असेल तर अंजीर चार दिवस टिकलं पाहिजे ही अटच उरत नाही. फक्त आंबूस वास आलेली किंवा बुरशी धरलेली घेऊ नका. ती मऊ नव्हेत, खराबच.

आता कृती. आठ अंजिरं धुऊन अगदी कोरडी पुसा. देठ काढून उभे दोन भाग करा. जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर तापवून चमचाभर तूप सोडा. बिडाचा असेल तर उत्तम. अंजिरं कापलेली बाजू खाली करून, एकमेकांना न चिकटवता ठेवा. आणि मग तीन-चार मिनिटं हात लावू नका! झाकणही नको. कडा तपकिरी झाल्या की उलटा, एक मिनिट ठेवा, गॅस बंद. वर चिमटीभर मीठ, लिंबाचे चार थेंब, किंचित सुंठ. सोबत थंडगार चक्का. ओव्हन असेल तर २०० अंशांवर पंधरा मिनिटं. नसेल तर काही अडत नाही, त्यासाठी नवं यंत्र विकत घेऊ नका.

हात लावू नका का म्हणतो? ताज्या अंजिरात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. अंजिरातलं फ्रुक्टोज खरपूस व्हायला लागतं साधारण ११० अंशांना. डब्यातल्या साखरेला त्यासाठी १६०च्या आसपास जावं लागतं. म्हणजे आधी पाणी उडालं पाहिजे. झाकण ठेवलंत, तव्यावर गर्दी केलीत किंवा पाक ओतलात की भाजणं संपलं, शिजवणं सुरू. मग जॅम होतो. जॅम वाईट नाही, पण तो जॅम आहे.

आता नेहमीचे आक्षेप.

"फळं भाजली की जीवनसत्त्वं जातात." क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं हे खरंय. पण अंजिरात ते १०० ग्रॅममागे जेमतेम दोन मिलिग्रॅम. पेरूत दोनशेच्या वर असतं. क जीवनसत्त्व हवं असेल तर पेरू खा की! अंजिरातला चोथा आणि कॅल्शियम तव्यावरून उडून जात नाहीत.

"भाजून साखर वाढते." वाढत नाही, पाणी कमी होतं. चार अंजिरांत साखर चार अंजिरांचीच. मधुमेह असेल तर भाजली काय, न भाजली काय, मोजूनच खावीत.

"आपल्यात फळं भाजायची पद्धत नाही." मग पन्ह्याची कैरी भाजता ती काय? पिकलेली राजेळी केळी तुपात परतून खाणाऱ्यांना विचारा. दूध-फळ विरुद्धाहार म्हणणाऱ्यांनी चक्का सोडावा, तूप पुरेसं आहे.

आणि शेवटचा, इंटरनेटवरच्या पाककृतींमधला. बाल्सामिक व्हिनेगर, मास्कारपोने, मेपल सिरप. अहो, आंबटाला लिंबू आहे, सायीच्या जागी चक्का आहे आणि गोडाला अंजीर स्वतः आहे. आठ रुपयांच्या लिंबाचं काम करायला आठशेची बाटली कशाला? सामानाची यादी लांबली की चव वाढते, हा समज कोडच्या ओळी मोजून पगार देण्यासारखा आहे.

असो. पुढच्या वेळी पाटीपुढे उभे राहाल तेव्हा "कडक द्या" ऐवजी "आज खायची आहेत, पिकलेली द्या" एवढंच म्हणून बघा. अशी दहा गिऱ्हाइकं रोज आली तर फळ झाडावर आणखी दोन दिवस राहील. आणि मग तुपाचाही चमचा अर्धाच लागेल.