बंड्याची आई

आमच्या बंड्याला पंखा तीनवर लागतो. चारवर केला की उठून बसतो आणि माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी त्याचं इन्क्रिमेंट अडवलंय. झोपायला सोफा. जेवायला चिकन-भात. भातात दुधीचा तुकडा सापडला तर तो चाटूनपुसून स्वच्छ करून ताटलीबाहेर ठेवतो. हा नवाबजादा २०२२च्या डिसेंबरात आमच्या कोथरूडच्या गल्लीतल्या चहाच्या टपरीखाली, ओल्या पोत्यावर, पाच पिल्लांत चौथा होता, हे आता कुणाला सांगूनही पटत नाही.

त्याची आई मात्र अजून तिथेच असते. घरापासून चालत दोन मिनिटांवर.

त्या पाचांचं काय झालं ते सांगून टाकते. दोन गाड्यांखाली गेली. एकाला पार्व्हो झाला. तीन दिवस सलाइन लावून बसलो होतो, चौथ्या दिवशी सकाळी गेलं. एक वाकडला एका जोडप्याकडे मजेत आहे. आणि हा आमचा. बंड्या घरात आला आणि मी लगेच प्रोफाइलमध्ये ‘डॉग मॉम’ आणि ‘रेस्क्यू’ हे दोन शब्द टाकून मोकळी झाले. पुढच्या डिसेंबरात पुन्हा सहा पिल्लं. त्याच्या पुढच्या डिसेंबरात पुन्हा पाच. मी दरवेळी गोंडस फोटो काढायचे, ‘अर्जंट अडॉप्शन’ लिहायचे, शंभर लाइक्स यायचे, घरं मिळायची दोन. बाकीच्यांचं मी लिहायचे नाही.

बंड्याला लस द्यायला गेलं की डॉक्टर विचारायचे, “आणि याच्या आईचं ऑपरेशन?”

“करायचंय ना, डॉक्टर.”

“गेल्या वर्षी पण करायचंच होतं.”

खरं कारण काय होतं? एक तर आळस. फ्रीलान्सरचं आयुष्य म्हणजे सकाळी स्टोरी, दुपारी स्टोरी आणि संध्याकाळी पेमेंटसाठी फोन. पण दुसरं कारण जरा नाजूक होतं. ती गल्लीत मला बघून शेपटीसकट अख्खी हलते. त्याच भरवशावर तिला धरायचं, पिंजऱ्यात घालायचं, पोट फाडायला पाठवायचं... माझ्याने होईना. आपण ज्याला प्रेम म्हणतो त्यात आपली सोय किती असते, हे कुत्र्यांच्या बाबतीत फार लवकर कळतं.

शेवटी एका संस्थेच्या सेंटरवर तारीख मिळाली. सोमवार, ११ ऑगस्ट २०२५. ऑगस्ट का, तर पावसाळा संपता संपता भटक्या कुत्र्यांचा सीझन सुरू होतो आणि त्यानंतर दोन महिन्यांनी पिल्लं. म्हणजे त्याआधी नसबंदी झाली तर झाली, नाहीतर डिसेंबर आहेच. सेंटरवाल्यांनी फक्त एक अट घातली. आदल्या रात्री दहानंतर पोटात काही जाता कामा नये.

रस्त्यावरच्या कुत्र्याला उपाशी ठेवायचं कसं, सांगा!

रविवारी रात्री मी गल्लीत फिरून सगळ्यांना विनवायला निघाले. टपरीवाले मामा म्हणाले, “राणीला? मी फक्त दोन बिस्किटं देतो, तेवढी चालतील ना?” चालणार नव्हती. आमच्या वॉचमनने कबूल केलं की रात्री अकराला त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी काळीची असते. काळी? ती तर तपकिरी आहे. “अंधारात काळीच दिसते, ताई.” चिकनवाल्याची ती मुन्नी, दुकान बंद करताना तो माना आणि पाय बाजूला काढून ठेवतो. तळमजल्यावरच्या आजी तिला गंगू म्हणतात आणि पहाटे पाचला सायीचं दूध घालतात. हे त्यांच्या सुनेला माहीत नाही, तेव्हा तुम्हीही बोलू नका. समोरच्या शाळेतली पोरं तिला ब्राउनी म्हणतात.

मी इतके दिवस समजत होते की या बाईला जगात माझ्याशिवाय कुणी नाही. हिचं तर पाच वेळचं जेवण फिक्स होतं! मला त्या रात्री थोडा हेवा वाटला, आणि बरंही वाटलं.

सकाळी सातला मैत्रीण तिची वॅगन आर घेऊन आली. एरवी चिकनच्या एका तुकड्यावर काम झालं असतं, पण उपास! मग मी फुटपाथवर नुसती बसले. ती आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मी गळ्यात पट्टा अडकवला. ओरडली नाही, चावली नाही. गाडीत मागच्या सीटवर मुतली फक्त. कर्वे रोडभर मी खिडकीबाहेर बघत होते.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. भूल उतरायच्या आधी कानाला छोटी खाच पाडतात. हिचं झालंय, पुन्हा पकडू नका, अशी ती लांबूनच दिसणारी खूण. रेबीजची लसही दिली. चार-पाच दिवसांत घेऊन जा म्हणाले.

आणि त्याच सोमवारी सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. दिल्ली-एनसीआरमधली भटकी कुत्री पकडून शेल्टरमध्ये ठेवा, परत रस्त्यावर सोडू नका. आदेश दिल्लीचा, पण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला ते अंतर दोन मिनिटांचं वाटलं. “एक गेलंच आहे, आता परत आणू नका.” खाली चौदा अंगठे. सेक्रेटरी काकांनी वर “कृपया सहकार्य करावे” लिहिलं.

मी तावातावाने मोठा मेसेज टाइप केला. २०२३चे एबीसी नियम, नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, कारण जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरं येतं, बिनलशीचं, वगैरे. सगळं बरोबर होतं. त्यावर बी विंगमधल्या एका ताईंनी फक्त एवढंच लिहिलं, “माझ्या मुलाला पाच इंजेक्शनं घ्यावी लागली आहेत.”

मला ते माहीत होतं. गेल्या वर्षी क्लासवरून येताना दुसऱ्याच गल्लीत त्याला कुत्रं चावलं होतं. चावलेल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. (घाबरून त्यांनी जखमेवर आधी हळद दाबली होती. तसं करू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा.) तो मुलगा अजून आईचा हात धरून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालतो. आमच्यासारखे श्वानप्रेमी अशा लोकांना ‘हेटर्स’ म्हणून निकालात काढतात. मीही काढलंय. पण त्या दिवशी मी मेसेज न पाठवता पुसून टाकला.

शुक्रवारी सेंटरचा फोन आला, टाके मस्त, घेऊन जा. १५ ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, चौकाचौकात डीजे. त्यात तिला कुठे सोडू? हातापाया पडून रविवारपर्यंत मुदत घेतली. तेवढ्यात सांगलीहून आईचा फोन, “अगं, मग घरीच आण ना तिला. माय-लेकरं एकत्र राहतील.”

मोह झाला, खोटं कशाला बोलू? घरमालकाने एकाच ‘छोट्या’ कुत्र्याची परवानगी दिलीय आणि बंड्या आता बावीस किलोंचा आहे, तरी रविवारी संध्याकाळी मी तिला वर घेऊन आले. डोळ्यांसमोर पूर्ण सिनेमा! लेक आईला ओळखतो, पार्श्वसंगीत...

बंड्या सोफ्यावर उभा राहून गुरगुरला. तिने त्याला एकदा हुंगलं, काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. मग घरभर एक चक्कर मारली, गालिचा ओलांडून दाराशी गेली आणि दाराकडे तोंड करून बसली. पाणी प्यायली नाही. पंख्याखाली आली नाही. रात्रभर घरात घाणही केली नाही. अकरा तास धरून बसली होती बिचारी. मध्येच कण्हायची. मी बाजूला फरशीवर उशी टाकून पडले होते आणि मनातल्या मनात हिशेब करत होते. दोन बेडरूमचं घर, दुप्पट भाडं, थोड्या दिवसांनी होईल सवय. पहाटे साडेचारला तिने पंजाने दार खरवडलं. माझे हिशेब माझ्यासाठी चालले होते. तिचं घर खाली होतं.

साडेपाचला पट्टा लावून उतरले. जिन्यात ती मला ओढत होती. टपरीचं शटर अर्धं वर होतं. “आली का राणी!” मामा ओरडले आणि ती बाकाखालच्या तिच्या पोत्यावर गेली, तीन चकरा मारल्या, बसली. मी पट्टा काढला. माझ्याकडे बघितलंही नाही.

सहाच्या सुमाराला बी विंगच्या ताई वॉकहून येताना दिसल्या. दहा फुटांवर थांबल्या.

“लस दिलीय?”

मी सेंटरचं कार्ड पुढे केलं. त्यांनी जवळ न येता हात लांब करून घेतलं, मोबाइलवर फोटो काढला, परत दिलं. “पुढची कधी?”

“पुढच्या ऑगस्टमध्ये. वर्षातून एकदा.”

“मी विचारीन,” म्हणाल्या आणि गेल्या. विचारतील याची मला खात्री आहे.

मग २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो आदेश बदलला. नसबंदी-लसीकरण झालेली कुत्री त्याच भागात सोडा, रेबीजची किंवा आक्रमक असतील ती सोडून. खायला घालायचं तर ठरवून दिलेल्या जागीच. ग्रुपवर मी विजयाची पोस्ट टाकली नाही, हे माझ्या आयुष्यातल्या थोड्या शहाणपणांपैकी एक. कारण ७ नोव्हेंबरला पुढचा आदेश आला. शाळा, कॉलेजं, हॉस्पिटलं, स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री उचला, शेल्टरमध्ये ठेवा, तिथे परत सोडू नका.

आमच्या टपरीसमोर शाळेची भिंत आहे. राणी-गंगू-मुन्नीला आदेश वाचता येत नाही. तिला एवढंच कळतं की शाळा सुटली की गेट उघडतं आणि ब्राउनीला डब्यातली उरलेली पोळी मिळते. आत पाऊल टाकलं की ती ‘आवारात’ आणि तिच्या कानाची खाच, माझं कार्ड, सगळं फुकट.

म्हणून रोज दुपारी साडेबाराला मी लॅपटॉप घेऊन टपरीच्या बाकावर जाऊन बसते. पहिले काही दिवस तिला पट्टा लावून ठेवत होते. आता गेट वाजलं की ती उठते, माझ्याकडे बघते, मी चिकनचा तुकडा काढते, ती बसते. दहापैकी आठ वेळा बसते. पोळी आणणाऱ्या पोरांना मामा अलीकडे बोलावून घेतात. हा कॉलमही निम्मा तिथेच लिहिलाय, कटिंगचे डाग पाडत. मामा म्हणतात, “ताई, ऑफिस इकडंच हलवा आता.”

आणि बंड्या वर आहे. पंखा तीनवर.