मुक्या जनावराला सुया टोचण्याआधी

खोपोलीहून कंबरदुखीसाठी येणाऱ्या एका आजींनी परवा विचारलं, "डॉक्टर, आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला पायऱ्या चढवत नाहीत. मुलगा म्हणतो, मुंबईला नेऊन अ‍ॅक्युपंक्चर करू. करावं का?"

मी माणसांचा डॉक्टर. तरीही माझं मत सांगतो. आधी निदान, मग सुया.

अ‍ॅक्युपंक्चरमध्ये बारीक, निर्जंतुक सुया टोचून मज्जातंतू चेतवतात. त्याने शरीरातली नैसर्गिक वेदनाशामक द्रव्यं स्रवतात, असं मानलं जातं. प्रशिक्षित हाताने केल्यास धोका कमी. पण फायदा किती? प्राण्यांवरच्या अभ्यासांचा २००६ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा ठाम शिफारस करावी किंवा साफ नाकारावं, इतका पुरावा मिळाला नाही.

शिवाय कुत्रा बोलत नाही. "बरं वाटतंय" हे आपणच ठरवतो आणि त्यात आपली आशा मिसळते. खरं औषध न मिळालेल्या कुत्र्यांचंही लंगडणं कमी झाल्याचं मालकांना वाटतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. पूर्वी लंगड्या बैलाला तापल्या लोखंडाचा डाग देत. बैल आपोआप बरा झाला तरी श्रेय डागाला जाई. सुई डागासारखी क्रूर नाही, पण चुकीचं श्रेय तिलाही मिळू शकतं.

खरा धोका उशिराचा आहे. कर्जत-खालापूरच्या गवताळ भागात हिंडणाऱ्या कुत्र्यांना गोचिडी लागतात. गोचीडतापानेही सांधे दुखतात. तो रक्त तपासून कळतो आणि अँटिबायोटिकने बरा होऊ शकतो. मागचे पाय अचानक लुळे पडले, तर मणक्यातली चकती सरकलेली असू शकते. तिथे एकेक तास मोलाचा असतो.

म्हणून आजींना सांगितलं: आधी पशुवैद्याकडून तपासून घ्या. वजन वाढलं असेल तर उतरवा. घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉल जीवघेणं ठरतं. एवढं करूनही सुया हव्या असतील, तर त्या नोंदणीकृत पशुवैद्यानेच टोचाव्यात. प्राण्यांवर उपचार कोणी करावेत, हे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ठरवून दिलं आहे. आणि सुरू असलेलं औषध परस्पर बंद करू नका.

उपचाराआधी कुत्र्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढा, महिन्याने पुन्हा काढा. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. फरक दिसत नसेल, तर पैसे आणि कुत्र्याचा त्रास, दोन्ही वाचवा.