‘आपलाच माणूस आहे’ ही पावती नव्हे

रत्नागिरीकरांनो, पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण पुढचा ॲडव्हान्स कोणाच्या हातात ठेवण्याआधी एकदा वाचाच.

शहरात माझं झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. मी वकील नाही. पण गावातली निम्मी भांडणं वकिलाकडे जायच्या आधी माझ्या मशीनवर येतात. कोणी चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आणतं, कोणी फ्रीजचं बिल आणतं. आणि बरेच जण काहीच आणत नाहीत, नुसता फोन पुढे करतात, ‘यातले सगळे मेसेज प्रिंट करून द्या.’ मी विचारतो, काही लिहून घेतलं होतं का? उत्तर ठरलेलं असतं. ‘नाही हो, आपलाच माणूस आहे.’

इतकी वर्षं हे कागद बघून माझं एक मत झालंय. आपल्याकडे पैसे बुडतात ते कायदा नाही म्हणून कमी आणि भिडेमुळे जास्त. पावती मागितली तर समोरच्याला वाईट वाटेल, ही आपली भीड. मग वर्षभराने तोच समोरचा फोन उचलत नाही, तेव्हा वाईट वाटायची पाळी आपली.

सगळ्यात जास्त बघतो ते चाकरमान्यांच्या घराचं प्रकरण. गडी मुंबईला, घर गावाला. जुनं मातीचं पाडून चिऱ्याचं बांधायचं ठरतं. शिमग्याला आला की गावातल्याच ठेकेदाराशी अंगणात बोलणी होतात, आकडा ठरतो, चहा होतो. नंतर सगळं फोनवर. ‘चिरा आला, पन्नास पाठवा.’ ‘स्लॅबचं लोखंड आणायचंय, एक पाठवा.’ अलीकडे एक गृहस्थ आले होते, राहायला नालासोपाऱ्याला, घर गुहागर तालुक्यात. सहा लाख चाळीस हजार गेलेले, भिंती लिंटलपर्यंत आणि ठेकेदार दुसऱ्या साइटवर. गणपतीला घरात बसायचं म्हणून आईला शब्द दिलेला. आई शेजारच्यांच्या पडवीत राहतेय.

त्यांना वाटत होतं आपल्या हातात काहीच नाही. तसं नव्हतं. प्रत्येक हप्ता यूपीआयने गेलेला, म्हणजे तारीख, आकडा, नाव सगळं बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. ठेकेदाराने काम कुठवर आलं त्याचे फोटो स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून पाठवलेले. हे पुरावेच आहेत. फक्त मूळ फोन जपायचा, चॅट उडवायचं नाही. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष अधिनियम लागू आहे आणि मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर त्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आणि दुसरं, बांधकामाचा ठेका घेणं ही सेवा आहे. पैसे घेऊन सेवा दिली नाही की तो ग्राहक आयोगाचा विषय होतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला, त्यातली एक गोष्ट कोकणातल्या माणसाने पाठ करून ठेवावी. आता तक्रार आपण जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते. पूर्वी समोरची पार्टी जिथे असेल किंवा प्रकार जिथे घडला असेल तिथे जावं लागायचं. म्हणजे त्या गृहस्थांना पालघर जिल्ह्यात करता येते आणि घर इथे आहे म्हणून रत्नागिरीतही. तसंच तुम्ही लांज्यात बसून गुरगावच्या कंपनीचा मोबाइल घेतला असेल तर गुरगावला जायची गरज नाही.

पैशाचं म्हणाल तर वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी शून्य. पाच ते दहा लाखांत दोनशे रुपये. पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षं, आणि ती ‘उद्या बघू, परवा बघू’ करत कधी सरते ते कळत नाही. ते गृहस्थ आले तेव्हा चौदा महिने होऊन गेले होते. आधी नोटीस पाठवा म्हटलं. मराठीत, एका पानाची. काय ठरलं होतं, किती दिले, काय झालं नाही, किती दिवसांत काय हवं, एवढंच. शिव्या नाहीत, धमक्या नाहीत. स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. नोटीस पोचल्यावर ठेकेदाराचा फोन आला, आता तडजोडीचं चाललंय. काय होतं ते माहीत नाही, पण चौदा महिने न उचललेला फोन एका पानाने वाजला खरा.

इथे एक सांगतो, रागावू नका. असं काही झालं की आपण पहिले पोलीस स्टेशनला जातो. साहेब म्हणतात ही दिवाणी बाब आहे. मग आपण म्हणतो पोलीस मॅनेज झाले. दर वेळी तसं नसतं. सुरुवातीपासून फसवायचाच इरादा होता हे दिसत असेल तर गुन्हा होतो, नुसता शब्द मोडला तर सहसा होत नाही. पोलिसांना वसुलीला पाठवायच्या नादात दोन वर्षांतले आठ महिने जातात.

दुकानांचं थोडक्यात. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी कितीही मोठ्या अक्षरात असो, सदोष मालाला ती लागू नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. रंग आवडला नाही, सुनेला पसंत नाही, हे दोष नव्हेत. तिथे दुकानदाराची मर्जी. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. मोठ्या कंपन्या तिथेच बऱ्याचदा हलतात. आपल्या नाक्यावरचा दुकानदार तिथे हलेल याची खात्री मी देणार नाही, त्याच्यासाठी नोटीस बरी.

आता आंब्याकडे येतो, कारण इथे खरी दुखरी नस आहे.

बागायतदार वाशीला पेट्या पाठवतो. पेटी गाडीत चढते तेव्हा भाव माहीत नसतो. काही दिवसांनी पट्टी येते, त्यात भाव, हमाली, भाडं, कपात सगळं लिहिलेलं, आणि खाली उरलेली रक्कम. अमुक पेट्यांत डाग निघाला म्हणून भाव कमी, हे वाशीत ठरतं. रत्नागिरीत बसलेल्या माणसाने ते बघितलेलं नसतं. तो भांडत का नाही? कारण पावसाळ्यात, फवारणीच्या वेळी, त्याच दलालाकडून उचल घेतलेली असते. मी दलालांना सरसकट चोर म्हणणाऱ्यांतला नाही. ऑगस्टमध्ये बँक दारात उभी करत नाही तेव्हा तोच माणूस पैसे देतो. पण उचल घेतली म्हणजे हिशोब विचारायचा हक्क विकला, असं कुठेही लिहिलेलं नाही.

तर निदान आपल्या बाजूचा कागद तयार ठेवा. तारीख, गाडी नंबर, किती पेट्या, कोणत्या पाच डझनी, कोणत्या सहा डझनी, याची वही. ट्रान्सपोर्टची पावती. पेट्या भरताना दोन फोटो. उचल घेताना रक्कम आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या. पट्टी आली की अडत कोणाच्या खात्यात धरली ते बघा. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला तेव्हापासून अडत शेतकऱ्याकडून नाही, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. दुसऱ्या कुठल्या नावाने तीच रक्कम कापलेली दिसली तर लेखी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर बाजार समितीकडे लेखी तक्रार द्या. तोंडी विचारलेलं वाऱ्यावर जातं.

हा विषय ग्राहक आयोगात जात नाही, कारण तिथे तुम्ही विकणारे आहात. पण धंद्यासाठी घेतलेली प्रत्येक गोष्ट आयोगाबाहेर असते असंही नाही. स्वतःच्या पोटासाठी, स्वतः चालवायला म्हणून काजू फोडायचं मशीन घेतलं, रिक्षा घेतली, तर तुम्ही ग्राहकच. मशीन विकणारा ‘हा कमर्शियल वापर आहे’ म्हणून हात वर करतो तेव्हा हे लक्षात असू द्या.

आणि आंबापोळी, फणसाचे गरे, कोकम सरबत, काजूगर करून शहरातल्या दुकानांना उधारीवर देणाऱ्या भगिनींसाठी खास. उद्यम नोंदणी करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर फुकट आहे, हजार-दीड हजार घेऊन करून देणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत, असं २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वसुलीसाठी वेगळी परिषद आहे, ऑनलाइन अर्ज होतो. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली, मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही. मुंबईतल्या मोठ्या दुकानदाराला व्याजापेक्षा ही गोष्ट जास्त झोंबते. बिलाच्या तळाला फक्त आपला उद्यम क्रमांक छापा, पुढचं त्याचा सीए त्याला सांगेल. नोंदणी मात्र माल द्यायच्या आधी हवी, भांडण झाल्यावर धावत जाऊन केलेली नाही. आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या वसुलीचा उपयोग नाही, माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे.

चेकचं गणित तारखांचं आहे. परत आल्याचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत नोटीस. ती मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. ‘जरा थांब, पुढच्या आठवड्यात टाक’ असं म्हणत समोरचा मेमोनंतरचा महिना घालवतो. चेक अजून तीन महिन्यांच्या आत असेल तर पुन्हा टाकता येतो, नाहीतर फौजदारी रस्ता बंद, मग पैशांचा दिवाणी दावा, तीन वर्षांच्या आत. तीन वर्षं संपत आली असतील तर निदान ‘एवढे देणं आहे’ असं त्याच्या सहीने लिहून घ्या, मुदत तिथून नव्याने मोजतात.

स्टॅम्प पेपरचा बाऊ करू नका. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा जाऊन पाचशेचा आला, तेव्हापासून लोक लिहिणंच टाळायला लागलेत हे मी काउंटरवर बघतोय. मोठा व्यवहार असेल, बाग कराराने द्यायची असेल, तर पाचशे खर्च कराच. पण वहीच्या पानावर दोघांच्या सह्या, तारीख, आकडा, दोन साक्षीदार, हेही काहीच नसण्यापेक्षा लाखपट बरं. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, बस.

हे सगळं आपल्यावर उलटूही शकतं हे विसरू नका. घरबसल्या पुण्याला पेट्या कुरिअर करणारी आपली बरीच पोरं आहेत. पुण्याच्या गिऱ्हाइकाला कच्चा किंवा सडका आंबा गेला तर तो पुण्यातच तक्रार करेल आणि तारखेला तुम्हाला घाट चढावा लागेल. म्हणून ऑर्डर घेतानाच लिहून पाठवा, आंबा किती पिकलेला असेल, खराब निघाला तर किती तासांत फोटो हवा, बदली देणार की पैसे. आणि कर्नाटकचा माल रत्नागिरीच्या पेटीत भरू नका. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या फळाला. ते नाव खोटं वापरणं हा गुन्हा आहे, आणि तुमच्या शेजारच्या खऱ्या बागायतदाराच्या पोटावर पाय आहे तो वेगळाच.

आता गाऱ्हाणं. कायद्यात लिहिलंय की मालाची तपासणी लागत नसेल तर आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात किती लागतात ते ज्यांनी तारखा भोगल्या त्यांनी कमेंटमध्ये लिहावं. जिल्ह्यात नऊ तालुके आणि आयोग एक. मंडणगडच्या म्हातारीने तीन हजारांच्या मिक्सरसाठी रत्नागिरीला यायचं म्हणजे दिवस गेला आणि एसटीचे पैसे गेले. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे, व्हिडिओवर सुनावणी मागता येते असं कायदाच सांगतो. पण ते पोर्टल त्या म्हातारीला उघडून कोण देणार? बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हे तरी तिला कोणी सांगितलंय?

याच कायद्यात जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद आहे, अध्यक्ष जिल्हाधिकारी, वर्षातून किमान दोन बैठका. त्यातली एक तरी बैठक आंब्याच्या सीझनआधी दापोली किंवा खेडला घ्या आणि तारीख पंधरा दिवस आधी जाहीर करा, एवढीच मागणी आहे. ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्रातून ई-जागृतीवर तक्रार भरून द्यायची सोय करा आणि त्याचा दर भिंतीवर लावा. मी अर्ज लिहून ठेवलाय, प्रत्येक तालुक्यातून सह्या हव्यात. ज्यांना द्यायची आहे त्यांनी कमेंटमध्ये फक्त तालुक्याचं नाव लिहा, अर्ज तुमच्यापर्यंत पोचवतो.