सुटलेली विडी पुन्हा हाती येते तेव्हा

विडी-सिगारेट सोडणे हा आपल्याकडे आजवर मनोनिग्रहाचा प्रश्न मानला गेला. सोडणारा तो धीराचा आणि पुन्हा ओढू लागणारा तो दुबळा, असा हा सरधोपट हिशेब आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी ३८.५ टक्के लोकांनी आदल्या वर्षभरात ते सोडण्याचा प्रयत्न केल्याचे आढळले. म्हणजे इच्छा आहे. परंतु कोणाच्याही मदतीविना केलेल्या शंभर प्रयत्नांपैकी जेमतेम तीन ते पाचच वर्षभर टिकतात. तलफ पहिल्या आठवड्यातच सर्वांत तीव्र असते आणि बहुतेक जण तेथेच हरतात.

तेव्हा खरा प्रश्न आहे तो हरलेल्याने पुन्हा उभे कसे राहावे हा. २०१६ पासून केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य चालते. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय हे तिचे एक केंद्र आहे. तेथील समुपदेशक उपदेश करून थांबत नाहीत. ते सोडण्याचा दिवस ठरवून घेतात आणि पुढे स्वतः फोन करून विचारपूस करतात. या दुसऱ्या फोनचे मोल मोठे आहे. शब्द मोडलेला माणूस लाजेने आपण होऊन फोन करीत नाही. पण पलीकडून कोणी दोष न देता विचारले, तर नवा दिवस ठरविण्याची उमेद त्याला येते.

मात्र ही सेवा श्रमिकांपर्यंत पोहोचते काय? सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक पाकिटावर छापला जातो. परंतु ज्या हमालाला एखादी सुटी सिगारेटच परवडते, त्याच्या हाती पाकीट येतच नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली; टपरीवर ती कितपत पाळली जाते, हे सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. या कपातीला विडी वळणाऱ्या स्त्रीच्या मजुरीवाढीची अट जोडलेली नाही. विडी स्वस्त झाली की ती सोडलेल्याला माघारी ओढणारा हात मात्र बळकट होतो.

कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत हा क्रमांक लागला पाहिजे. पाळीच्या वेळेत समुपदेशकाचा फोन घेण्यास दहा मिनिटांची मोकळीक मिळावी, ही मागणी मागणीपत्रात आली पाहिजे. विडी कामगारांच्या मजुरीचा लढा हा स्वस्त विडीच्या समर्थनापासून वेगळा केला पाहिजे. आणि घसरलेल्या सोबत्याला ‘पुन्हा सुरू केलीस?’ असे हिणविण्याऐवजी ‘पुन्हा केव्हा सोडतोस?’ असे विचारणे, हेही संघटनेचेच काम आहे.